झाशीतली हळदीकुंकवाची कबड्डी

समस्त वाचकांस अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, दोन्ही गुडघ्यांना पट्टे बांधून आणि सलवार पोटरीपर्यंत दुमडून, मी झाशी शहरी महिलांच्या खुल्या गटाच्या कबड्डी सामन्यात अधिकृतपणे उतरले. घटनेचे साक्षीदार हयात आहेत. त्यांच्यापैकी कित्येकांच्या कपड्यांवरचे डाग अद्याप गेलेले नाहीत. हे वृत्त शक्यतो उभं राहून वाचावं.

मी सांगलीहून निघाले तेव्हा असा काही बेत नव्हता. माझी मामेबहीण शुभदा बावीस वर्षं झाशीत आहे. तिचा नवरा तिथल्या सरकारी इंजिनिअरिंग कंपनीत नोकरीला, राहणं कंपनीच्या वसाहतीत. दर संक्रांतीनंतर तिचा फोन येतो, "सुलू, हळदीकुंकवाला ये," आणि दर वर्षी मी म्हणते, पुढच्या वर्षी नक्की. यंदा मात्र तिकीटच काढलं. आमचे हे कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतात. झाशीच्या थंडीवर त्यांनी मला वीस मिनिटं सांगितलं आणि तीन स्वेटर काढून ठेवले. मी एक घेतला. बाकीच्या जागेत तिळाच्या वड्यांचे डबे बसवले.

भोपाळच्या पुढे धुकं लागलं आणि गाडी चालायची सोडून विचार करायला लागली. समोरच्या बाकावर बीनाला चढलेली एक बाई आणि तिची चौदा-पंधरा वर्षांची मुलगी होती. दोघींमध्ये, उशीपासून पायापर्यंत आणि पुढे वाटेतही, एक भाला होता. खरा, फेकायचा भाला, टोकाला जुना मोजा घातलेला. टीसीनं विचारलं की हे सामान कोणत्या प्रकारात मोडतं. बाई अगदी शांतपणे म्हणाली, "साहब, बिटिया का भविष्य है. सीट के नीचे नहीं आता."

टीसीनं थोडा वेळ भाल्याकडे पाहिलं, मग त्याच्यावरून पाय उचलून पलीकडे गेला. त्यानंतर चहावाला, खेळणीवाला, पलटणीतले दोन जवान, सगळे त्या भाल्यावरून पाय उचलून गेले. माझ्या लहानपणी मुलीच्या हातात लांब वस्तू म्हणून झाडू असायचा आणि त्यासाठी गाडी कधी थांबली नव्हती. मला उगाचच फार आनंद झाला. त्या भरात मी त्या मुलीला अख्खा एक डबा वड्या दिल्या.

सहा तास उशिरानं झाशी आलं. म्हणजे आलं असावं. धुक्यात फलाट दिसत नव्हता, फक्त "चाय" एवढा आवाज दिसत होता. ऑटोवाल्या भैयानं किल्ला उजवीकडे आहे असं सांगितलं. मी उजवीकडे बघून वा वा म्हटलं. तिथं कापसासारखं पांढरं होतं.

शुभदाचं मराठी आता एका वेगळ्याच चवीचं झालं आहे. "सुलू, तू आधी हातपाय धू, मी चाय चढवते, आणि ते स्वेटर उतार, यहाँ इतकी थंडी नाही," असं ती एका श्वासात म्हणते आणि स्वतः दोन शाली पांघरून असते. वसाहतीत सहा मराठी घरं उरली आहेत. मुलं मराठीत विचारलेलं समजून हिंदीत उत्तर देतात. पण या सहा घरांचं एक महिला मंडळ आहे, शुभदा त्याची तहहयात अध्यक्ष आहे आणि त्या मंडळानं, जेवताना तिनं अगदी सहज सांगितलं, मुलींची कबड्डीची टीम घेतली आहे.

"घेतली म्हणजे?"

"म्हणजे जर्सी आपली, केळी आपली, आणि चिल्लाना आपलं. खेळतात त्या पोरी. अगं, आजकाल झाशीत ज्याच्याकडे मुलींची टीम नाही त्याला कोणी विचारत नाही. डॉक्टरांच्या बायकांची हॉकी आहे. मिठाईवाल्याची फुटबॉल आहे. आपण काय नुसतं तिळगूळ वाटायचं?"

इथं माझी एक चूक झाली. तिसरी पोळी खाता खाता मी म्हणाले की शाळेत मी हुतूतूची कप्तान होते. खरी गोष्ट अशी की आठवीत मी एकच सामना खेळले होते. पहिल्याच चढाईत बाद झाले, बाकावर जाऊन बसले, आणि माझ्या संघानं सामना संपेपर्यंत मला काही परत उठवलं नाही. पुढच्या वर्षी मुलींचा हुतूतूच बंद झाला. त्यामुळे तांत्रिकदृष्ट्या मी अजून बाकावरच होते. पण पोळी गरम होती, तूप चांगलं होतं, आणि कप्तान हा शब्द तोंडातून सहज निघाला.

दुसऱ्या दिवशी शनिवारी आम्ही सदर बाजारात वाण घ्यायला गेलो. हळदीकुंकवाला बायकांना काहीतरी वस्तू वाण म्हणून द्यायची असते: वाटी, चाळणी, फणी. शुभदानं यंदा ठरवलं होतं गुडघ्याचे पट्टे. दुकानात पुढच्या बाजूला नवरीचे लेहंगे लटकत होते आणि मागच्या बाजूला, लेहंग्यांच्या आडून, मुलींचे खेळाचे बूट. दुकानदार म्हणाला की आधी मागचा माल लपवावा लागायचा, आता पुढचा पडून राहतो. चाळीस जोड पट्टे ऐकल्यावर त्यानं आदरानं विचारलं, "दीदी, एकेडमी खोली है क्या?"

"नहीं भैया," शुभदा म्हणाली, "हल्दी-कुंकू है."

त्यानं लग्नसराईची सूट दिली.

संध्याकाळी लक्ष्मी तालाच्या बाजूच्या मोकळ्या मैदानावर मुलींचा सराव बघायला गेलो. तलाव धुक्याखाली होता. महालक्ष्मीच्या देवळाचा फक्त कळस वर आला होता, पाण्यातून कोणी बोट वर करून काही विचारावं तसा. मॅटवर सात मुली आणि शिट्टी घेतलेल्या अनिता दीदी, त्यांच्या प्रशिक्षक. अनिता दीदींची उंची पाच फुटांच्या आत, आवाज पाच मैलांच्या बाहेर. त्यांच्या काळी त्यांची आई त्यांचे बूट पिठाच्या डब्यात लपवायची, म्हणून त्या पिठाळ पायांनी राज्यस्तरापर्यंत खेळल्या. आता तीच आई सकाळी मुलींना दूध वाटायला येते.

त्या सातांत एक होती रज्जो. पंधरा वर्षांची, काटकुळी, टहरौलीची. टहरौली म्हणजे जिल्ह्याच्या पूर्वेचं शेतीचं गाव, बसनं यायला बराच वेळ लागतो. तिची चढाई मी पाहिली असं म्हणवत नाही, कारण ती दिसलीच नाही. ती गेली, समोरच्या मुली उभ्या होत्या तशाच उभ्या, आणि ती परत आलेली होती. अनिता दीदी म्हणाल्या की तिनं दोघींना शिवलं. दोघी म्हणाल्या, आम्हाला कळलंच नाही.

"यही तो रोना है," अनिता दीदी माझ्याकडे वळून म्हणाल्या. "इसका हाथ दिखता नहीं. और जो दिखता नहीं, उसका नंबर मिलता नहीं."

मैदानाच्या कडेला रज्जोचे आजोबा बसले होते. बुंदेलखंडात आजोबांना बब्बा म्हणतात. शुभदासाठी आणलेलं मटारचं पोतं मांडीशी घेऊन ते बसले होते. दोन वर्षं ते रज्जोला बसनं आणत होते, सराव संपेपर्यंत इथेच बसत होते आणि परत नेत होते. त्यांनी एकदाही कुरकुर केली नव्हती. पण आता ते चौऱ्याहत्तरचे झाले होते आणि त्या रस्त्यानं त्यांची कंबर मोडली होती. घरात दुसरं आणणारं कोणी नव्हतं. उद्याच्या रविवारच्या सामन्याला सरकारी क्रीडा वसतिगृहाच्या निवडवाल्या मॅडम येणार होत्या. तिथं निवड झाली तर राहणं, जेवण, शाळा आणि खेळ सगळं एका जागी. नाही झाली, तर उद्या चारच्या बसनं आजोबा-नात टहरौलीला, आणि त्यानंतर सराव बंद. त्यांनी हे मला बुंदेलीत, मटार सोलत सोलत सांगितलं, जसं पावसाचं सांगावं तसं. रज्जो शेजारी बसून सोललेले मटार खात होती आणि ऐकत नसल्याचं दाखवत होती.

रात्री जेवायला त्याच मटारची उसळ होती, आणि बब्बांनी आणलेल्या गकरिया (गोवऱ्यांवर भाजलेले जाडजूड रोट) आणि वांग्याचं भरीत. मी पाच गकरिया खाल्ल्या. ही माहिती पुढे वजनकाट्याच्या प्रसंगी उपयोगी पडेल.

रविवारी मंडळाचं हळदीकुंकूही होतं. सामना आणि हळदीकुंकू एकाच वेळी आल्यावर शुभदानं कुठलंच पुढे ढकललं नाही. तिनं हळदीकुंकू मैदानावर नेलं. मॅटच्या शेजारी सतरंजी, त्यावर चांदीचे करंडे, गुलाबदाणी, तिळगूळ आणि पट्ट्यांचा ढीग. ती सगळ्यांनाच कुंकू लावते: कुमारिका, विधवा, अनिता दीदी, भाजीवाली. मी विचारलं तर म्हणाली, "सहा घरं आहेत, त्यात आणखी निवडून काढलं तर मला आरशाला कुंकू लावून घरी बसावं लागेल." तेव्हा दतियाहून आलेल्या पाहुण्या संघालाही तिनं बसवलं, कुंकू लावलं, गुलाबपाणी शिंपडलं आणि त्यांच्या गुडघ्यांना आपल्याच हातानं पट्टे चढवून दिले. आपल्याच शत्रूला शस्त्र पुरवणारी सेनापती मी तोवर पाहिली नव्हती.

सामन्याच्या अर्धा तास आधी निरोप आला: आमची सातवी मुलगी तापानं फणफणली आहे. पंचांनी नियम वाचून दाखवला. सुरुवातीला सात उभ्या नसतील तर सामना समोरच्यांना बहाल. पंच म्हणजे एक निवृत्त पीटीचे मास्तर होते. सगळे त्यांना मास्साब म्हणत. त्यांचा चष्मा धुक्यानं दर मिनिटाला पांढरा होत होता. निवडवाल्या मॅडम खुर्चीवर थर्मास उघडून बसल्या होत्या. सामना नाही तर त्या पुढच्या मैदानावर जाणार होत्या. रज्जोनं बुटांची नाडी सोडायला सुरुवात केली. बब्बांनी चारच्या बसला किती वेळ आहे ते विचारलं.

शुभदानं माझ्याकडे पाहिलं. सगळ्या मैदानानं तिच्या नजरेच्या मागोमाग माझ्याकडे पाहिलं.

"ही कप्तान होती," शुभदा म्हणाली. "स्कूल में."

माणसाचं तोंड आणि तूप या दोन गोष्टी एकत्र येऊ देऊ नयेत, हे मला तिथं कळलं. खरं सांगून टाकावं असं वाटलं. पण रज्जोची एक नाडी सुटलेली होती आणि दुसरी तिच्या बोटांत थांबली होती. मी म्हणाले, जर्सी आणा.

आधी वजन. पंचाहत्तर किलोच्या वर चालत नाही. काटा धान्याच्या गोदामातून आणला होता. मी उभी राहिले: सत्याहत्तर. शाल काढली. बूट काढले. स्वेटर काढला. तरी काटा पंचाहत्तरच्या जरासा वरच अडून राहिला. शेवटी मास्साबांनी विचारलं की खिशात काय आहे, आणि खिशातून तिळाच्या वड्यांचा डबा निघाला. तो बब्बांनी सांभाळायला घेतला आणि प्रामाणिकपणे निम्मा संपवला.

निळसर जर्सी मला कुडत्यावरून बसली ती बसलीच, आजही ती कशी उतरली ते आठवत नाही. पांढरी सलवार पोटरीवर दुमडून घेतली. मुलींनी मला "मौसीजी" म्हणून साखळीच्या मधोमध उभं केलं आणि फक्त हात सोडू नका एवढंच सांगितलं. मी उत्साहानं हातपाय मोकळे करायला लागले. हात असे पसरून गोल फिरवले, आणि मागून शुभदाचं कुंकवाचं ताट आत घेऊन येणाऱ्या रज्जोला माझी कोपरखळी बसली. ताट उलटलं. वाटीभर कुंकू तिच्या दोन्ही तळहातांवर. धुक्यानं हात ओले होते, त्यामुळे कुंकू तळहातांना असं बसलं की जणू रंगारी बसवून रंगवलेत. पाण्याचा टँकर आला नव्हता. तिनं हात मागे पुसले, काही फरक पडला नाही. मास्साबांनी शिट्टी मारली.

रज्जोची पहिली चढाई. गेली आणि आली. अनिता दीदी ओरडल्या की एक शिवली. दतियाच्या कोपऱ्यातल्या मुलीनं मान हलवली, "छुआ ही नहीं." मास्साबांनी चष्मा पुसला, नेहमीसारखेच गोंधळले आणि हात वर करणार नव्हतेच. तेवढ्यात ती मुलगी आपल्या जागी जायला वळली.

तिच्या पांढऱ्या जर्सीच्या पाठीवर, अगदी मधोमध, पाच लाल बोटं होती.

अख्ख्या मैदानातून एकच ओरडा उठला. मास्साबांनी जवळ जाऊन ती बोटं मोजली. रज्जोचा हात जवळ आणून ताडून पाहिला. दतियाच्या प्रशिक्षकांनी हरकत घेतली की अंगाला काही लावून खेळता येत नाही. मास्साबांनी खिशातून नियमांचं पुस्तक काढलं. त्यात तेलाची मनाई होती, चिकट पदार्थांची मनाई होती. कुंकवाबद्दल अक्षर नव्हतं. "और कुंकू तो आप सबने भी लगवाया है," ते म्हणाले. दतियाच्या साती कपाळांवर ते ठळक दिसत होतं. हरकत फेटाळली गेली.

मध्यंतरापर्यंत दतियाचा अर्धा संघ लाल झाला होता. खांद्यावर, दंडावर, एकीच्या टाचेवर. जिथं जिथं रज्जोचा हात दोन वर्षं कोणाला दिसला नव्हता, तिथं तिथं तो आता छापून ठेवलेला होता. निवडवाल्या मॅडमनी थर्मास खाली ठेवला आणि वही उघडली. बब्बा मॅटच्या कडेला उकिडवे बसून एकेक ठसा पारखत होते. मला म्हणाले, "हमाए इतै छिरियन खों सोई ऐसईं रंग लगाउत." (आमच्याकडे शेळ्यांनासुद्धा असाच रंग लावतात.) गर्दीत आपली शेळी कुठली हे कळावं म्हणून.

मध्यंतरात दतियाची कप्तान पिंकी, सहा फुटांच्या जवळपास उंच, सरळ आमच्या सतरंजीवर आली. मी भांडणाच्या तयारीत होते. तिनं शुभदासमोर दोन्ही तळवे पसरले आणि म्हणाली, "आंटी, हमें पीली दे दो."

शुभदा यजमानीण होती. पाहुणीला नाही म्हणणं तिच्या बावीस वर्षांच्या हळदीकुंकवात बसत नव्हतं. तिनं पिंकीचे तळवे हळदीनं भरले. वर गुलाबपाणी शिंपडलं, नीट बसावी म्हणून.

दुसरा डाव त्यामुळे दोन रंगांत झाला. आमच्या मुली पिवळ्या व्हायला लागल्या, त्यांच्या लाल. वाद असा कुठे उरलाच नाही. मुली स्वतःच वळून आपली पाठ दाखवत, मास्साब पाहत, मान डोलवत. मधे सोडवासोडवी करताना त्यांच्या शर्टावर दोन्ही रंग लागले. म्हणजे ते दोन्हीकडून बाद होते, पण आनंदात होते. मला म्हणाले, बत्तीस वर्षांत पहिल्यांदा त्यांना कोणी आंधळा म्हटलं नव्हतं.

आमचं मात्र बिघडत गेलं. रज्जोला तिघींनी मिळून धरलं आणि ती बाहेर जाऊन बाकावर बसली. मग एकेक करून सगळ्याच गेल्या. शेवटचं मिनिट होतं, आम्ही मागे होतो, आणि आमच्या अंगणात एकटी मी उभी होते. शौर्यानं नव्हे. मी साखळीच्या मधोमध होते आणि पिंकी मला शेवटच्या घासासारखं मागे ठेवत होती.

अनिता दीदींनी कडेनं मला स्थिती समजावली. पिंकीच्या संघाच्या दोन चढाया कोऱ्या, म्हणजे कोणाला न शिवता, गेल्या आहेत. तिसरी चढाईही कोरी गेली तर चढणारी स्वतः बाद होते. पिंकी बाद झाली तर आमची एक मुलगी परत उठते, आणि ती रज्जो असेल, तिला एक चढाई मिळेल. पिंकीनं मला शिवलं तर सगळं तिथंच संपलं. मॅडमनी वही मिटून गुडघ्यावर ठेवली होती. त्यांच्या वहीत रज्जोचं नाव होतं, पण पुढे त्यांनी प्रश्नचिन्ह काढलेलं शुभदानं वाकून पाहिलं होतं.

"मौसीजी," बाकावरून रज्जो म्हणाली. दोन दिवसांत ती माझ्याशी पहिल्यांदा आपणहून बोलली. "बस भागना."

पिंकी आली. मी भागले. या पळण्याचं वर्णन करायला माझ्याकडे शब्द आहेत, पण ते माझ्याच बाजूनं बोलतात. शुभदाच्या मते एखादं कपाट जिन्यावरून उतरावं तसं ते होतं. माझ्या सलवारीच्या डाव्या पायाची दुमड सुटली आणि पायात यायला लागली. मी धडपडले, सावरले, कोपऱ्यात जाऊन पुन्हा उलटी फिरले. पिंकीनं खाली झुकून हात फेकला आणि वेळ संपायच्या आत आपल्या बाजूला परत गेली.

"छू लिया," ती म्हणाली.

मला काही लागल्याचं जाणवलं नव्हतं. मी देवाशपथ तसं सांगितलं. थंडीनं पोटरी बधिर झाली होती, म्हणून वाकून सलवार पुन्हा वर दुमडून घेतली आणि ताठ उभी राहिले. मास्साब आले, चष्मा पुसला, माझ्याभोवती दोनदा फिरले. पाठ पाहिली, बाह्या पाहिल्या. शेळ्यांचे जाणकार म्हणून बब्बांनाही बोलावलं. त्यांनीही पाहिलं. पिवळा ठिपकासुद्धा नव्हता.

पिंकी बाद. रज्जो उठली.

त्या एका चढाईत काय झालं ते मी पाहिलं, आणि पहिल्यांदाच नीट पाहिलं, कारण मी तिच्या मागे एकटीच उभी होते. ती गेली तेव्हा त्या सरसावल्या, आणि ती त्यांच्यातून पाण्यासारखी निघून आली. तीन मुली स्वतःहून वळून उभ्या राहिल्या. तीन पाठी, तीन लाल हात. शिट्टी झाली. आम्ही एका गुणानं हरलो.

हरल्याचं कोणाच्या लक्षातच येईना. मॅडम उठून त्या तीन पाठींसमोर आल्या, मोबाइलवर फोटो काढले आणि म्हणाल्या, "पहली बार किसी खिलाड़ी ने रसीद दी है." मग बब्बांसमोर फॉर्म धरला. बब्बांनी एकच गोष्ट विचारली, रोटी पोटभर मिळते का. मॅडम म्हणाल्या, जितकी खाईल तितकी. त्यांनी अंगठा लावायला हात पुढे केला. शाई कुठे सापडेना, तर शुभदानं करंडा पुढे केला, पण मॅडमनी नको म्हटलं आणि पेन दिलं. बब्बांना सही येत होती. अंगठा ते उगाच, मोठ्या प्रसंगाला शोभतो म्हणून देणार होते.

वसतिगृहात दाखल व्हायचं होतं गुरुवारी, तोवर रज्जो शुभदाकडेच राहणार होती. बब्बा चारच्या बसनं एकटे निघाले. बुंदेलखंडात मुली मोठ्यांच्या पाया पडत नाहीत, मोठी माणसंच मुलीच्या पायाला हात लावतात. बब्बा कंबर धरून वाकले आणि त्यांनी हात पुढे केला. रज्जोनं तो हात येताना पाहिला आणि सवयीनं टुणकन मागे उडी मारली. बब्बा थांबले, पुन्हा वाकले. तिनं पुन्हा पाय मागे घेतला. तिला आवरेचना. शेवटी अनिता दीदींनी तिला मागून खांद्यांना धरून उभं केलं, तेव्हा कुठे बब्बांचा हात तिच्या बुटांना लागला. ती मान खाली घालून उभी होती आणि हातांनी डोळे पुसत होती. मग तिचं सगळं तोंडच लाल झालं.

सोमवारी परतीच्या गाडीत धुकं नव्हतं. किल्ला खरंच होता, परतताना डावीकडे. मी खिडकीत बसून बराच वेळ आठवीतल्या त्या बाकाचा विचार केला. आम्ही दहा-बारा मुली तिथं बसलो होतो. खेळता येत नव्हतं म्हणून नव्हे, कोणी उठवलंच नाही म्हणून. नंतर लग्नं झाली, गुडघे गेले, बाकाचं विसरलं. रज्जोला एक चढाई मिळाली ती मॅडमच्या वहीमुळे, बब्बांच्या कमरेमुळे, अनिता दीदींच्या आईनं बूट लपवायचे थांबवल्यामुळे आणि थोडी माझ्या भागण्यामुळे. हा शेवटचा वाटा मी वाटेत भुसावळपर्यंत बराच वाढवून घेतला होता.

घरी पोचल्यावर ह्यांना सगळं साभिनय करून दाखवलं. शेजारच्या दोघींनाही बोलावलं. पिंकी किती उंच होती, ती कशी आली, मी कशी निसटले, आणि मास्साबांनी भर मैदानात मला कसं निष्कलंक ठरवलं. हे सगळं ऐकत ऐकत आमचे हे माझे प्रवासाचे कपडे धुवायला बादलीत टाकत होते. सुट्टीचा दिवस होता, धुण्याची पाळी त्यांची. त्यांनी पांढरी सलवार उचलली, डाव्या पायाची दुमड उलगडली, क्षणभर पाहिलं आणि साबणाच्या पाण्यात बुडवली. मग हाक मारली.

मी गेले. सलवारीच्या आतल्या घडीत चार बोटं होती. लालभडक.

"रज्जोची," मी म्हणाले. "जाताना बिलगली ना मला. कुंकवाचे हात होते तिचे."

ह्यांनी चष्मा वर केला. तीस वर्षं वर्गात ज्या आवाजात शिकवतात त्या आवाजात ते म्हणाले की पाण्यात घालायच्या आधी ती बोटं पिवळी होती. साबण लागला की लाल होणारी वस्तू कुंकू नसते, हळद असते, हे ते दरवर्षी अकरावीला प्रयोगात करून दाखवतात. त्यांनी बोटं मोजली, घडी पुन्हा पोटरीएवढी दुमडून पाहिली, उलगडून पाहिली, माझ्या पायाशी धरून पाहिली. शेजारच्या दोघी दारातच उभ्या होत्या. मग बादलीत हात तसाच ठेवून ते एवढ्या मोठ्यानं बोलले की वरच्या मजल्यावरची खिडकी उघडली:

"अगं, तू तर आउट होतीस!"